मायटर स्क्वेअरमधली 14 मिनिटं

30 सप्टेंबर 1888, मध्यरात्र उलटून गेलेली. लंडनच्या सिटी पोलिसांतला शिपाई एडवर्ड वॉटकिन्स दीड वाजता मायटर स्क्वेअरमध्ये शिरला, कंदिलाच्या उजेडात कानेकोपरे न्याहाळून पुढे गेला. चौकात कुणी नव्हतं. 1 वाजून 44 मिनिटांनी तो परतला, तेव्हा एका कोपऱ्यात कॅथरीन एडोजचा मृतदेह पडला होता.

हा खून ज्या जॅक द रिपरच्या प्रकरणातला मानला जातो, त्यात संशयितांवर हजारो पानं खर्ची पडली. वॉटकिन्सच्या गस्तीकडे मात्र त्या मानानं कमी लक्ष जातं, आणि खरी शास्त्रीय किंमत तिलाच आहे. एका फेऱ्याला 12 ते 14 मिनिटं लागतात, असं त्यानं कॉरोनरपुढे सांगितलं. प्रयोगशाळेत ठरावीक अंतरानं नोंद घ्यावी, तशी ही गस्त. त्यामुळेच खुनाच्या वेळेला दोन्ही बाजूंनी मर्यादा पडते.

ही मर्यादा आणखी आवळणारा साक्षीदार म्हणजे जोसेफ लावेंद. मित्रांसोबत क्लबमधून बाहेर पडताना, साधारण 1 वाजून 35 मिनिटांनी, चौकात जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी त्यानं एक जोडपं पाहिलं. वेळ त्यानं क्लबच्या आणि स्वतःच्या घड्याळावरून सांगितली. म्हणजे उरली जेमतेम नऊ मिनिटं. त्यातली निदान पाच तरी खुन्याला लागली असतील, असं मृतदेह तपासणारे पोलिसांचे डॉक्टर फ्रेडरिक गॉर्डन ब्राउन यांचं मत होतं. घड्याळं एकमेकांशी मिनिट-दोन मिनिटांनी चुकली, तरी एवढ्याशा अवधीत हिशेब कोलमडतो.

ओळखीचं काय? बाईची पाठ लावेंदकडे होती. पुढे त्यानं ओळखले ते एडोजचे कपडे. पुरुषाच्या गळ्यात तांबूस रुमाल होता, असं वर्णन पोलिसांनी प्रसिद्ध केलं. पण मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी नीट काम करत नाहीत आणि लाल रंग सर्वांत आधी काळपट दिसू लागतो. त्या माणसाला पुन्हा ओळखू शकेन असं वाटत नाही, हे तर लावेंदनंच चौकशीत सांगितलं.

ती बाई एडोज नसेल, तर नऊ मिनिटांची पुन्हा 14 होतात. 1 वाजून 41-42 मिनिटांच्या सुमारास त्याच बोळातून शिपाई जेम्स हार्वे चौकाच्या तोंडापर्यंत आला होता. त्याला कुणी दिसलं नाही, आवाजही ऐकू आला नाही. मात्र चौकात पाऊल न टाकता तो मागे वळला.