गृहीत धरायलाही आधार लागतो!

‘फिर्यादीची जात मला ठाऊकच नव्हती,’ हा ॲट्रॉसिटीच्या खटल्यातला ठरलेला बचाव. नेरूळ-ऐरोलीत तर तो हमखास येतो. येथे गावकुसाबाहेरचा वाडा नाही, सारे एकाच जिन्यावर! २०१५ च्या दुरुस्तीने कलम ८ (सी) आणले, २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहे. आरोपीची पीडिताशी वा त्याच्या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरील. ‘धरू शकेल’ नव्हे, ‘धरील’. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. मात्र ओळख गृहीत धरली जात नाही. ती सरकारी पक्षालाच सिद्ध करावी लागते. जबाबातून नेमके तेच गळते. म्हणून बांधवांनो, शेजार किती वर्षांचा, आरोपी घरी येत-जात होता का, जयंतीची वर्गणी त्याने दिली होती का, हे सारे सही करण्यापूर्वी जबाबात लिहून घ्या.