मोटारीचे सिंथेटिक ऑइल बदलावे केव्हा?



उसाच्या बिलातून आधी बैलजोडी आली, मग विहिरीवर इंजिन आले, त्यामागून ट्रॅक्टर आला. आता पुष्कळ सभासदांच्या दारात मोटारही उभी आहे. ट्रॅक्टरच्या ऑइल बदलीचा हिशेब आपल्याला पाठ आहे. मीटरवर अडीचशे तास भरत आले, की बहुतेक जण मिस्त्रीला निरोप धाडतात. मोटारीच्या बाबतीत मात्र गोंधळ होतो. गॅरेजवाला दर ५,००० किलोमीटरला नवा डबा घालायला सांगतो, गाडीबरोबर मिळालेले पुस्तक १०,००० म्हणते आणि महागड्या सिंथेटिक ऑइलची जाहिरात त्याच्याही पुढे जाते. ह्यांतले ऐकायचे कोणाचे, हा प्रश्न आपल्या सभासदांपुढे वारंवार येतो, म्हणून ह्या अंकात हा विषय घेतला आहे.

आडसाली ऊस आपण बाराव्या महिन्यात तोडत नाही, आणि नुसते महिने भरले म्हणूनही कोयता लावत नाही. ब्रिक्स किती आला ते बघतो. ऑइलचेही तसेच आहे. किलोमीटर हा एक अंदाज झाला. ऑइल खराब किती झाले, हे गाडी कशी चालली ह्यावर ठरते.

सिंथेटिक म्हणजे काय?

साधे ऑइल जमिनीतून काढलेले खनिज तेल शुद्ध करून बनते. त्यात लहानमोठे सर्व तऱ्हेचे रेणू मिसळलेले असतात. सिंथेटिकमध्ये हे रेणू रासायनिक प्रक्रियेने जुळवलेले, एकसारखे असतात. त्यामुळे ते थंडीत लवकर पळते, उन्हाळ्यात लवकर करपत नाही आणि दाटही लवकर होत नाही. अमेरिकेत १९९९ साली जाहिरातींबाबतच्या एका तक्रारीचा निकाल लागला. तेव्हापासून खनिज तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून केलेले ऑइलही बहुतेक ठिकाणी सिंथेटिक ह्याच नावाने विकले जाते. तेव्हा नुसत्या नावावर भुलू नका. डब्यावरचा ग्रेड आणि दर्जाचा शिक्का पुस्तकाशी जुळतो का, ते पाहा. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा आणि दुसरा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. सिंथेटिक उष्णतेला पुरून उरते हे खरे. पण बाहेरून आत येणारी घाण त्याला अडवता येत नाही. ही घाण तीन प्रकारची: पाणी, इंधन आणि धूळ.

पाणी आणि इंधन

एक लिटर पेट्रोल जळाले, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून नवल वाटेल. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. पण इंजिन गार असेल तर थोडी वाफ आणि थोडे न जळलेले पेट्रोल रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग पळाली, ऑइल चांगले तापले, तर ते पुन्हा उडून जाते. वाडीवरून गावात, गावातून सोसायटीत आणि परत घरी, असा दोन-दोन किलोमीटरचा फेरा रोज मारला, तर ऑइल पुरते तापतच नाही. पाणी साचते, आम्ल तयार होते, आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली औषधे संपून जातात. वर्षाला मीटर ४,००० किलोमीटर दाखवते, आणि मालक म्हणतो, अजून सहा हजार बाकी आहेत की!

२०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ साली ते देशभर रुळले. त्या इथेनॉलमध्ये आपल्या उसाचाही वाटा आहे, म्हणून हे सभासदांना ठाऊक हवेच. इथेनॉल पाण्यात सहज मिसळते. ते ७८ अंशांना उकळते, म्हणजे तापलेल्या ऑइलमधून उडून जाते. मात्र गार इंजिनाच्या आखूड फेऱ्यांत पाण्याबरोबर तेही ऑइलमध्ये राहते. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी गाडी हमरस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग चालवावी.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल मोटारींच्या मालकांनी जास्तच जपावे. ह्यांतल्या बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरमार्गात काजळी धरणारी जाळी असते. ती जाळी साफ होण्यासाठी इंजिन मधूनमधून जादा डिझेल सोडते. त्याच वेळी गाडी बंद झाली, आणि असे वरचेवर झाले, तर डिझेल ऑइलमध्ये उतरते. गेजपट्टीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर किलोमीटर न मोजता ऑइल बदलावे आणि गाडी दाखवून घ्यावी. ह्या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. ट्रॅक्टरच्या डब्यात उरले म्हणून ते मोटारीत ओतू नये.

फुफाटा

गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर किती फुफाटा असतो, हे सांगायला नको. धूळ म्हणजे वाळूचे बारीक कण. एअर फिल्टर फाटका किंवा सैल बसलेला असेल तर ती सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासते. मग ऑइल कितीही भारी असो, इंजिन बोअरला यायचेच. म्हणून हंगामात फिल्टर वरचेवर उघडून पाहावा आणि भरला असेल तर बदलावा. जोरात हवा मारून कागद फाटू देऊ नये.

मग मुदत कोणती धरावी?

ज्यांची गाडी बहुतांशी डांबरी रस्त्यावर लांब पल्ल्याने चालते, त्यांनी पुस्तकातली पूर्ण मुदत खुशाल वापरावी. आपल्याकडच्या बऱ्याच मोटारींना ती १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, अशी असते. काहींना १५,००० असते.

ज्यांच्या फेऱ्या आखूड आहेत, किंवा गाडी रानवाटेने, धुळीत, माणसे-सामान खच्चून भरून चालते, त्यांनी कठीण वापराचा तक्ता पाहावा. पुष्कळ पुस्तकांत तो मागच्या पानांवर असतो आणि त्यात मुदत साधारण निम्मी केलेली असते. आपल्यापैकी पुष्कळ जण ह्याच वर्गात मोडतात.

गाडी नुसती उभी असते त्यांनीही वर्षातून एकदा ऑइल बदलावेच.

पैशाचा हिशेब

समजा, साडेतीन लिटर ऑइल लागते, लिटरला ८०० रुपये पडतात आणि फिल्टर-मजुरी ६०० रुपये. एका बदलीला ३,४०० रुपये झाले. वर्षाला १५,००० किलोमीटर हमरस्त्याने फिरणारा सभासद दर ५,००० ला बदलतो तर १०,२०० रुपये जातात. १०,००० ला बदलला तर वर्षाकाठी सरासरी ५,१०० पडतात. निम्मा पैसा वाचला. उलट आखूड फेऱ्यांच्या गाडीत हीच बचत करू गेलो आणि रिंगा-पिस्टनचे काम निघाले, तर कित्येक वर्षांची बचत एका बिलात जाते.

काही पथ्ये

ऑइल काळे पडले म्हणजे गेले, असे नव्हे. काजळी अंगावर घेणे हे त्याचे कामच आहे, आणि डिझेल गाडीत तर ते थोड्याच दिवसांत काळे होते. खरा धोका ऑइल कमी पडण्याचा. दर पंधरा दिवसांनी सपाट जागी, गाडी थांबवून पाच-दहा मिनिटांनी गेजपट्टी पुसून पाहावी. ऑइलबरोबर ऑइल फिल्टरही बदलावा. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडून घ्यावा आणि रिकामा डबा भोक पाडून टाकावा, म्हणजे त्यात कोणी बनावट माल भरणार नाही. तारीख, किलोमीटर आणि ग्रेड वहीत लिहून पावती जपावी. वॉरंटीचा प्रश्न निघाला तर तीच कामी येते.

काढलेले ऑइल पाटात, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे. गॅरेजच्या पिंपातच तो जाऊ द्यावा.

सभासदांनी आज एवढेच करावे. गाडीतले पुस्तक काढून कठीण वापराचे पान वाचावे आणि आपली गाडी कोणत्या रांगेत बसते, ते प्रामाणिकपणे ठरवावे. मुदत एकदा ठरली, की मग गॅरेजवाल्याचा आग्रह आणि डब्यावरची जाहिरात, दोन्हींना नम्रपणे रामराम करावा.