खोट्या कुस्तीतली खरी माणसे

माणसाला कोणत्या वयात कसला नाद लागेल याचा नेम नाही. कुणी चाळिशीनंतर सतार शिकायला बसतो, कुणी गच्चीत गुलाब लावतो. मला मात्र चाळिशी उलटल्यावर कुस्ती पाहण्याचा नाद लागला. आणि तीही लाल मातीतली नव्हे, तर अमेरिकेतली, दोरांनी बांधलेल्या चौकोनात रंगीबेरंगी कपडे घालून खेळली जाणारी, जिचा निकाल आधीच ठरलेला असतो अशी धंदेवाईक कुस्ती! दिवसा वर्गात ज्ञानेश्वरीतल्या उपमा उलगडून दाखवायच्या आणि रात्री दहानंतर दूरदर्शन संचाचा आवाज बारीक करून १९८७ सालचा एखादा सामना लावून बसायचे, असा माझा सध्याचा दिनक्रम आहे.

"पेपरांचा गठ्ठा तसाच पडलाय, आणि तुम्ही धटिंगणांची मारामारी बघत बसलाय!" असे आमच्या सौभाग्यवती दारातून म्हणतात आणि आत निघून जातात. निदान सुरुवातीला जात असत. पुढे काय झाले ते सांगणारच आहे.

नाद म्हटला तरी तो नवा नव्हे; तीस वर्षांनी परतलेला आहे. १९९२ च्या सुमारास सांगलीस आमच्या गल्लीत केबल आली आणि तिच्याबरोबर हे अमेरिकन पहिलवानही घरोघर आले. तेव्हा त्या कंपनीचे नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होते. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या जागतिक संस्थेची आद्याक्षरेही तीच. त्यावरून कज्जा झाला आणि २००२ साली कुस्तीवाल्यांना नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई करावे लागले. आम्हां पोरांना यातले काही ठाऊक नव्हते. आमच्याजवळ पहिलवानांचे पत्ते असत. त्यांवर उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या असे सारे छापलेले असे. पाढे पाठ नसलेल्या पोरालाही आंद्रेचे वजन पाठ! काळ्या टोपीतला अंडरटेकर सात वेळा मेला आणि सात वेळा उठला, यावर तर गल्लीत कुणाचेच दुमत नव्हते.

आमच्या घरात मात्र एक दुमत होते, आणि ते वडिलांचे होते. अण्णा मूळचे कोल्हापूरकडचे. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी कुस्त्या पाहिलेल्या. १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन खाशाबा जाधव परतले, त्या मिरवणुकीच्या गोष्टी त्यांनी आजोबांकडून शेकडो वेळा ऐकलेल्या. अशा माणसाच्या घरात दोन नटवे एकमेकांना खुर्चीने बडवताहेत आणि पोरे टाळ्या पिटताहेत, हे त्यांना कसे सोसावे?

"नुरा कुस्ती आहे ती!" ते एकदा गरजले. "आधी ठरवून पडतात. नाटक आहे सगळं!"

मी रडलो. धाकट्या भावाने तर जेवण टाकले. आणि दुसऱ्याच दिवशी, अण्णांचे म्हणणे खोटे ठरवण्यासाठीच की काय, तो कपाटावर चढला आणि पलंगावर निजलेल्या माझ्यावर त्याने उडी घेतली. मी दचकून बाजूस झालो. तो पलंगाच्या कडेवर आपटला आणि त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. त्या संध्याकाळी अण्णांनी केबलची तार स्वतःच्या हाताने कापली. पत्त्यांचा गठ्ठा बंबात गेला. पुढे कित्येक वर्षे आमच्या घरात त्या विषयाचा उच्चारही झाला नाही.

आता तार नाही आणि ती कापणाराही कुणी नाही. मागाल ते आणि मागाल तेव्हा दाखवणाऱ्या सेवा निघाल्या आहेत. कुस्तीत या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत २००४ साली झाली. केबलवाल्यांच्या मार्फत दर महिन्याला जुने सामने निवडून दाखवले जात. २०१४ च्या फेब्रुवारीत कंपनीने स्वतःचे इंटरनेटवरचे दालन उघडले. महिना ९ डॉलर ९९ सेंट भरावेत आणि वाटेल ते जुने पाहावे. आपल्याकडे १ एप्रिल २०२५ पासून हा कारभार नेटफ्लिक्सकडे आला. यूट्यूबवरही कंपनी आपल्या कोठारातले पुष्कळ सामने खुले करते. आठवडाभर ज्याची वाट पाहायची, आणि नेमके त्याच वेळी वीज जायची, तो सामना आता अंगठ्याच्या एका दाबासरशी समोर उभा राहतो.

या सोयीत एक गंमत आहे. जुने सारे एका जागी आले की जुन्या थापाही शेजारी शेजारी येऊन बसतात. २९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅक येथे हल्क होगन आणि आंद्रे यांची जंगी लढत झाली. आंद्रे पंधरा वर्षांत हरलेला नाही, त्याला कुणी उचलून आपटलेले नाही, असा डंका पिटला गेला होता. पण १९८० सालचा न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधला सामना काढून पाहा. याच होगनने याच आंद्रेला तेथे उचललेले आहे! पाँटिअ‍ॅकची गर्दीही ९३,१७३ होती असे कंपनी सांगते. अभ्यासक ती ७८,००० च्या आसपास असल्याचे म्हणतात. खोट्या लढतीची हजेरीसुद्धा फुगवलेली!

आणि कोठाराचा धनी शेवटी कंपनीच. तिने २००१ च्या मार्चमध्ये आपली मोठी प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, तेव्हा तिच्या चित्रफितीही हिच्याच कपाटात गेल्या. जिंकणाऱ्याच्या घरातच हरणाऱ्याची पोथी राहते, ती अशी. २०२१ साली अमेरिकेत हे भांडार पीकॉक नावाच्या सेवेकडे गेले, तेव्हा वर्णद्वेषाचे काही जुने प्रसंग गाळण्यात आले. १९९० सालच्या एका सामन्यात रॉडी पायपर अर्धे अंग काळे रंगवून आला होता, तो त्यांपैकी एक. गाळले ते बरे की ठेवून समज द्यावी ते बरे, यावर आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत तासभर वाद होऊ शकेल. जुन्या पोथ्यांचे संपादन आम्हीही शिकवतोच.

गेल्या वर्षी आई गेली आणि अण्णा आमच्याकडे राहायला आले. वय ७९. झोप उडालेली. एका रात्री मी होगन-आंद्रेचा सामना लावला असताना पाठीमागे काठीचा आवाज झाला. मी शाळकरी पोरासारखा दचकलो आणि संच बंद करू लागलो.

"राहू दे," अण्णा म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग पुढे वाकून म्हणाले, "अरे, हा मोठा माणूस आजारी आहे."

मी चमकलो. आंद्रेला अ‍ॅक्रोमेगली होती. या विकारात शरीराची वाढ थांबत नाही. हाडे जाड होत जातात, सांधे आणि हृदय थकते. त्या दिवशी पाठीच्या दुखण्यामुळे त्याने पोशाखाआत पट्टा बांधला होता. पुढे सहाच वर्षांनी, १९९३ च्या जानेवारीत, वयाच्या ४६ व्या वर्षी तो वारला. हे मी वाचून जाणत होतो. अण्णांनी ते नुसते पाहून ओळखले.

"बघ, हात दोराला सोडत नाही. पाय उचलवत नाही त्याला. आणि आता तो दुसरा उचलेल. पण तो उचलत नाहीये. हा स्वतःला उचलू देतोय."

होगनने आंद्रेला उचलले आणि आपटले. सारे स्टेडियम उसळले. अण्णा हलले नाहीत.

"पाडणाऱ्याचं काय कौतुक? पडणारा वस्ताद आहे," ते म्हणाले.

धंद्यातले मर्म त्यांनी एका वाक्यात सांगितले होते. त्या चौकोनाखाली लाकडी फळ्या असतात. त्यांवर पातळ गादी आणि वर ताणलेले कापड. पडणाऱ्याने हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ सपाट टेकवायची, हात पसरून भार वाटून घ्यायचा. आणि हे सारे डोळ्यांचे पाते लवायच्या आत. निकाल ठरलेला असतो. पडणे मात्र खरेच असते. एवढ्या वजनाच्या गड्याने आपली आयुष्यभराची कीर्ती दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवली आणि दुखऱ्या पाठीने तो खाली आला. याला खोटे म्हणायचे तर खरे कशाला म्हणायचे?

त्यानंतर आमची बैठक रोजची झाली. बारा वर्षांचा चिरंजीव आला. एके रात्री सौभाग्यवतीही भाजी निवडत दारात रेंगाळल्या. मी २४ मार्च १९९१ चा सामना लावला होता. रँडी सॅव्हेज अल्टिमेट वॉरिअरकडून हरतो, आणि अटीप्रमाणे त्याला कुस्ती सोडावी लागते. त्याची व्यवस्थापक शेरी हरलेल्या माणसाला लाथांनी तुडवू लागते. तोच प्रेक्षकांतून त्याची जुनी सोबतीण एलिझाबेथ धावत येते, त्या बाईला हाकलते आणि त्याला सावरते. पूर्वी दर सामन्याला तिने त्याच्यासाठी दोर वर धरायचे. त्या दिवशी तो तिच्यासाठी दोर वर धरून उभा राहतो. प्रेक्षकांतली माणसे रडताना दिसतात. इकडे निवडायची गवार परडीत तशीच राहिली होती.

"मग त्यांचं लग्न झालं का हो?" सौभाग्यवतींनी विचारले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिंगणात थाटाने लग्न दाखवले गेले. पण खरे लग्न १९८४ सालीच झालेले होते. आणि १९९२ साली घटस्फोटही झाला. ती २००३ साली गेली, तो २०११ साली. हे सांगितले आणि लगेच वाटले, सांगायला नको होते. 'एकच प्याला'तल्या सिंधूचे काय होणार हे ठाऊक असूनही आपल्या आज्या-पणज्या पुन्हा नाटकगृहात जाऊन रडत होत्या. त्यांना कुणी मध्येच उठून 'हे खोटं आहे' असे सांगितले असते, तर त्यांनी त्यालाच वेड्यात काढले असते. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी रसाची जी मीमांसा केली ती मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. फ्रान्सच्या रोलां बार्थने १९५७ सालच्या पुस्तकात या कुस्तीकडे नाट्य म्हणूनच पाहिले. आणि खुद्द कंपनीने १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या कायदेमंडळापुढे कबूल केले होते की, हा खेळ नव्हे, करमणूक आहे. क्रीडा मंडळाची देखरेख आणि कर चुकवायचे होते, म्हणून! अण्णा गरजले त्याच्या आधीच ही कबुली देऊन झाली होती. आमच्या गल्लीपर्यंत तेवढी बातमी पोचली नव्हती.

पण एका प्रश्नाला माझ्याजवळ सोपे उत्तर नव्हते. "बाबा, मग यात कुणाला खरं लागत नाही ना?" चिरंजीवाने विचारले.

मी त्याला ओवेन हार्टविषयी सांगितले. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत त्याला छतावरून दोराने खाली उतरवायचे होते. बांधणी सुटली आणि तो रिंगणात कोसळला. वय ३४. त्या रात्रीचा खेळ मात्र पुढे चालूच राहिला. कोठारात त्या कार्यक्रमाची कापलेली प्रत आली. पडण्याचा प्रसंग तीत नाही, आरंभी त्याचे स्मरण आहे. जे खरे घडले तेवढेच दाखवलेले नाही, आणि तेच योग्य आहे. चिरंजीव बराच वेळ गप्प बसला. मग काकाच्या मोडलेल्या हाडाची गोष्ट त्याने पुन्हा एकदा, या वेळी न हसता, ऐकली.

ती ऐकता ऐकता अण्णा एकाएकी म्हणाले, "मी पण पाहिलीय फ्रीस्टाईल."

आम्ही सारेच त्यांच्याकडे पाहू लागलो.

"१९६८ साल. नोकरी शोधायला मुंबईला होतो. दारासिंग आणि अमेरिकेचा लू थेझ. एका महिन्याच्या खाणावळीचे पैसे तिकिटाला घातले. दारासिंग जिंकला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडलो. चार दिवसांनी खाणावळीत एक जण हसून म्हणाला, फ्रीस्टाईलचं सगळं आधी ठरलेलं असतं, तुम्हा कोल्हापूरच्या माणसाला एवढं कळू नये? सगळे हसले. फार लागलं ते. पोरांची तशी फसगत नको, म्हणून तुम्हाला लहानपणीच सांगून टाकलं." ते थोडे थांबले. "घाई झाली जरा."

तीस वर्षांपूर्वीच्या तारेचे दुसरे टोक मला त्या रात्री सापडले.

"यात मागू ते मिळतं म्हणालास ना? तो सामना मिळतो का बघ," अण्णा म्हणाले.

मी शोधला. इंग्रजीत शोधला, हिंदीत शोधला. निरनिराळ्या सेवांवर पाहिले. २०१८ साली डब्ल्यूडब्ल्यूईने दारासिंगांचे नाव आपल्या सन्मानितांच्या यादीत घातले आहे, तेवढे सापडले. २९ मे १९६८ चा तो सामना काही माझ्या हाती लागला नाही.

"नाही ना?" अण्णा म्हणाले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि नातवाला जवळ बोलावले. "मग ऐक. आधी दारासिंग आला. पांढरा झगा..."

मी संच बंद केला. धाकट्या भावाला पुण्यास फोन लावला आणि यंत्र न बोलता अण्णांच्या पुढे टेबलावर ठेवले.