सामायिक परसबाग

पूर्वींच्या वाड्यांत मुलांचें शिक्षण दोन ठिकाणीं होत असे. ओसरीवर आजोबा पाढे व श्लोक म्हणवून घेत. आणि परसांत आजीच्या पाठीमागें हिंडतां हिंडतां मुलांस कळे कीं, मोरीच्या पाण्यावर अळू पोसतें, वेलास मांडव लागतो, आणि कोवळी भेंडी खुडावयाची राहिली कीं निबर होते. ओसरीचें काम पुढें शाळेनें उचललें. परसाचें कोणींच उचललें नाहीं. आमच्या छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, आज कित्येक कुटुंबें मजल्यांवरील सदनिकांत राहतात. परस गेला, आणि भाजी पिशवींतून येते एवढेंच नातवंडांस ठाऊक राहिलें.

या उणिवेवर उपाय म्हणून अनेक घरांनीं मिळून एकाच तुकड्यावर भाजी लावावी, ही कल्पना चांगली आहे. ती फसते कशी आणि साधते कशी, हें स्वानुभवानें सांगण्याचा येथें हेतु आहे.

मी निवृत्त झाल्यावर आमच्या वसाहतींतील अकरा घरांनीं मोकळ्या जागेंत वाफे केले. मुहूर्त पाहिला, बीं आणिलें, मीं वृक्षसेवेवर एक लहानसें व्याख्यानहि दिलें. पावसाळ्यांत भेंडी-गवारीनें वाफे भरले. कोणी पहाटेसच उठून सगळा दोडका खुडून नेला, म्हणून रुसवेफुगवे झाले. चैत्रांत पाहावें तों वाफे ठणठणीत कोरडे! प्रत्येकास वाटलें, दुसऱ्यानें पाणी घातलें असेल. सर्वांचें म्हणून जें असतें तें कोणाचेंच राहत नाहीं, हा धडा अकराहि घरांस एकदमच मिळाला.

वस्तुतः या नगरांतील लोकांस ही गोष्ट कोणीं सांगावयास नको होती. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें येथें जी नहर बांधिली, तिनें जमिनीखालच्या मार्गानें, केवळ उताराच्या बळावर, गांवांत पाणी आणिलें. पुढें अठराव्या शतकांत पाणचक्कीचें जातें अशाच आणलेल्या पाण्यावर फिरूं लागलें. त्या लोकांनीं पाण्याची वाट अगोदर आंखिली. आम्हीं बीं अगोदर पेरलें आणि पाण्याचा विचार मागाहून केला. तोहि अशा शहरांत, जेथें पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें होऊनहि नळाच्या पाण्यासाठीं दिवस मोजण्याची पाळी वर्षानुवर्षें आलेली आहे.

दुसऱ्या वर्षाच्या आरंभापूर्वीं मीं प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचें ‘विपुलाच सृष्टी’ हें पुस्तक वाचलें. दाभोळकर हे कोल्हापूरचे, मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ची रीत अशी: शेतकऱ्यानें आपल्याच रानांत प्रयोग करावा, मोजमाप ठेवावें, आणि जें साधलें वा फसलें तें इतरांस कळवावें. तासगांवचे द्राक्षबागाईतदार याच मार्गानें एकमेकांचे गुरु झाले. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर जमिनींत एका कुटुंबाच्या गरजा भागूं शकतात, असें दाभोळकरांचें प्रतिपादन होतें. आम्हां अकरा घरांपाशीं मिळून दोन गुंठेहि नव्हते. तेव्हां निर्वाहाची गोष्ट सोडून त्यांची रीत तेवढी आम्हीं उचलली.

एक वही घातली. तींत तारीख, पाणी घालणाराचें नांव, किती बादल्या, आणि काय निघालें, असे चार रकाने आंखिले. प्रत्येक घरास वार नेमून दिला. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेलें पाणी साबणाच्या पाण्यापासून निराळें राखून तेंच झाडांस घालावयाचें ठरलें. देंठ, सालें व वाळला पाला यांचें खत जागच्या जागीं होऊं लागलें. वही लिहिण्याचें काम मुलांकडे दिलें.

खरें शिक्षण मात्र वहीबाहेर घडलें. आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या मावशी पैठणकडील खेड्यांतल्या. मी दुपारीं झारीनें पानांवर पाणी शिंपीत असतां त्या थांबल्या व म्हणाल्या, “गुरुजी, उन्हात पानाला काय पाणी देता? सांजच्याला बुडाशी घाला, अन् वरून पालापाचोळा टाका.” मुलांनीं एक वाफा झांकून व एक उघडा ठेवून पाहिला. झांकलेल्या वाफ्याची माती दुसऱ्या सायंकाळींहि बोटास ओली लागे. तेव्हांपासून केव्हां काय लावावें हें मुलें मला न विचारतां मावशींस विचारूं लागलीं. पस्तीस वर्षें शिकविण्यांत घालविलेल्या माणसास हें प्रथम जरा झोंबलें, हें कबूल करितों.

एके रविवारीं वांटणीच्या वेळीं माझ्या नातीनें वही पुढें केली. “आजोबा, यात सगळ्यांची नावं आहेत, मग मावशींचं का नाही? आम्हाला शिकवतात तर त्याच.” अकरा घरचीं सुशिक्षित माणसें उभीं होतीं, उत्तर कोणापाशींच नव्हतें. कोणी म्हणालें, त्यांस थोडी भाजी देत जाऊं. परंतु देणें निराळें आणि वांटा निराळा. देणाराचा हात वर असतो, वांटेकऱ्यांचे हात सारखे असतात. त्या दिवशीं वहींत बारावें नांव लिहिलें गेलें. शनिवार मावशींनीं स्वतःच मागून घेतला. मुलांना बीं धरावयास शिकवितें, म्हणाल्या.

उत्पन्नाचा बडेजाव सांगत नाहीं. दर घरास आठवड्यांतून एक वेळची माठाची वा शेपूची भाजी मिळते. उन्हाळ्यांत शेवगा व कढीलिंब एवढेच तगतात. मंडईचा खर्च यानें कांहीं वांचत नाहीं. परंतु मुलांनीं ताटांत भाजी टाकणें सोडलें आहे, कारण तिच्यासाठीं किती बादल्या वाहिल्या हें त्यांनींच लिहिलेलें असतें.

ज्या वाचकांस असा उद्योग करावयाचा असेल, त्यांनीं बीं आणण्यापूर्वीं तीन गोष्टी ठरवाव्या: पाणी कोठून, वार कोणाचा, आणि वांटा कोणाकोणाचा. तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. वही पहिल्या दिवसापासून घालावी, आणि जो वाफा वाळेल तोहि तींत लिहावा. आमच्या वहीचें पहिलें पान पहिल्या वर्षींच्या त्या कोरड्या वाफ्यांचें आहे. नव्या मुलांस आधीं तेंच वाचावयास देतों.