कॅनबेऱ्यातले रँग्लर आणि त्यांचे मास्तर

परवा कॅनबेऱ्याला स्नेह्यांकडे गेलो होतो. जेवणानंतरच्या गप्पांत विषय निघाला, "इथे आपल्याआधी कोण कोण मराठी माणसं येऊन गेली?" आणि एक नाव पुढे आलं. रँग्लर र. पु. परांजपे! १९४४ ते १९४७ या काळात ते भारताचे हायकमिशनर म्हणून इथे होते. सई परांजपे ही त्यांची नात. तिच्या लहानपणाची काही वर्षंही कॅनबेऱ्यातच गेली. आपल्यासारख्यांना या देशात कायमचं राहू न देण्याचा तो काळ.

रँग्लर म्हटलं की १८९९ साल आठवतं. केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. पण मंडळी, मला त्यामागचे मास्तर जास्त मोठे वाटतात.

परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. जवळच्याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे त्यांच्या नात्यातले. कर्व्यांनी या हुशार मुलाला शिक्षणासाठी आपल्या घरी ठेवून घेतलं. १८९१ साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला गेले आणि घरचा मुलगा वर्गातला विद्यार्थी झाला. १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं. मुरुडने त्यांना वाळीत टाकलं, तरी ते डगमगले नाहीत. नुसत्या गणितापेक्षा हा धडा मोठा, नाही का?

केंब्रिजचा मान घेऊन परांजपे तिकडे रमले नाहीत. ठरल्याप्रमाणे तुटपुंज्या पगारावर फर्ग्युसनला परतले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू कोण? परांजपेच! मास्तरांचं ऋण फेडण्याची ही रीत.

घरी परतताना गाडीत मला आमचे इंजिनिअरिंगचे सर आठवले. "उत्तर आलं की आधी बघ, आकडा शहाण्यासारखा दिसतोय का," असं ते सारखं म्हणायचे. आजही कॉम्प्युटरने दिलेला प्रत्येक आकडा मी कागदावर ताडून पाहतो तो त्यांच्यामुळेच. शिफारसपत्र घेताना मी म्हटलं होतं, "सर, मास्टर्स झालं की दोन वर्षांत परत येतो." ते नुसते हसले होते. मग नोकरी, पीआर, घर, मुलं... असो.

रविवारी धीर करून फोन लावला. सरांना आता कमी ऐकू येतं. मोठ्याने म्हटलं, "सर, परत यायचं राहूनच गेलं." ते म्हणाले, "अरे, त्याचं काही नाही. तिथे कुणाला शिकवतोस की नाही?"

मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून एवढंच सांगतो. मराठी शाळा सुटल्यावर दर आठवड्याला एक तास मुलांचं गणित घ्यायला मी तयार आहे. फी नाही. फक्त वही आणि पेन्सिल आणावी. कॅल्क्युलेटर घरीच ठेवावा!