सहा गुंठे जमीन आणि चारशे फूट आकाश

नामपूरच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना, त्या रांगेच्या कडेकडेने एक लांबट खोके डोक्यावर तोलीत आलेल्या अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने गेल्या उन्हाळ्यात मला एक प्रश्न विचारला. खोक्यात हलक्या फोमचे, जवळपास दीड मीटर पंखांचे, बिनतारी संदेशावर चालणारे विमान होते, सुट्टीत एका दुकानी काम करून साठविलेल्या पैशांतून त्याने ते मागविले होते, आणि प्रश्न एवढाच होता की, "सर, हे उडवायचं कुठं?"

ज्या गावाजवळून मोसम नदी वाहते आणि वेशीबाहेर पाऊल पडताच ज्याच्या चहूंकडे बागलाणचे रान पसरलेले दिसते, त्या गावात हा प्रश्न पडावा याचे मला प्रथम नवल वाटले. परंतु दुसऱ्या दिवशी त्याला स्कूटरवर मागे बसवून तीन-चार शिवारे पालथी घातल्यावर ते नवल ओसरले. रान लांबून मोकळे दिसते. जवळ जावे तो द्राक्षबागांच्या मांडवांच्या तारा, डाळिंबावर पांघरलेली पांढरी आच्छादने, बांधाबांधाने गेलेली अकरा हजार व्होल्टची वाहिनी, कठडा नसलेल्या विहिरी आणि प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी. शेततळ्याविषयी आताच ताकीद देऊन ठेवतो: त्यात विमान पडले तर ते गेले असे समजून काठावरून परत फिरावे. ओल्या कागदाच्या उतारावर पाय ठरत नाही, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दोराच्या आधारावाचून वर येणे दुरापास्त होते.

अशा वेळी मनुष्य स्वाभाविकपणे एखाद्या क्लबाचा पत्ता विचारतो. परंतु या छंदात क्लब ही संस्था मुळात कशासाठी निर्माण झाली, हे पाहिल्यावाचून तिचा पत्ता विचारण्यात फारसे हशील नाही. विमानाच्या प्रतिकृती उडविण्याचा उद्योग खुद्द विमानापेक्षा जुना आहे. आल्फोन्स पेनो याने १८७१ साली पॅरिसमध्ये पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे एक लहानसे विमान अकरा सेकंद हवेत स्थिर उडवून दाखविले. याच पेनोच्या धर्तीचे एक उडते खेळणे १८७८ साली राइट बंधूंच्या वडिलांनी आपल्या मुलांना आणून दिले, आणि त्यापुढची कथा सर्वश्रुत आहे. मात्र ही सारी खेळणी हातातून सुटली की स्वतंत्र होत. जमिनीवर उभे राहून आकाशातील विमानाला वळण लावण्याची किमया साधली ती १९३७ साली, अमेरिकेतील कलामझू गावी, वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंना. त्यांचे 'गफ' नावाचे विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

त्यानंतरची कित्येक दशके या विद्येला एक चमत्कारिक बंधन होते. प्रत्येक ट्रान्समीटरात एक स्फटिक बसविलेला असे आणि त्या स्फटिकाने मुक्रर केलेल्या एकाच कंपनसंख्येवर तो बोलत असे. त्याच कंपनसंख्येचा दुसरा ट्रान्समीटर शंभर पावलांवर कोणी सुरू केला, तर विमानातील ग्राहक यंत्राला धनी कोणता आणि परका कोणता हे कळण्याची सोय नसे. ते दोघांचेही ऐके आणि जमिनीवर येई. म्हणून मैदानाच्या कडेला एक फळी टांगलेली असे, तिच्यावर क्रमांक लिहिलेले धुणे वाळत घालण्याचे चिमटे लावलेले असत, आणि ज्याच्या हाती आपल्या क्रमांकाचा चिमटा असेल त्यानेच यंत्र सुरू करावे, असा दंडक असे. ७२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी चार मीटरांहून अधिक, त्यामुळे ट्रान्समीटरची तार मीटरभर उपसून उभी करावी लागे. आपल्याकडे त्यात आणखी एक पेच होता, तो असा की १९३३च्या कायद्यान्वये बिनतारी यंत्र नुसते बाळगण्यालाच परवाना लागत असे. एवंच, त्या काळी क्लब हवा होता तो आकाशाची वाटणी करण्यासाठी.

पुढे २००५ साली भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. या पट्ट्यातले ट्रान्समीटर सेकंदात अनेक वेळा कंपनसंख्या बदलीत जातात, आणि ज्याच्याशी एकदा 'बाइंड' केले तो ग्राहकच तेवढा त्यांच्या मागोमाग उड्या घेत जातो. शिवाय लहर अवघी साडेबारा सेंटिमीटरांची असल्याने विमानातील तार करंगळीहून आखूड पुरते. चिमट्यांची फळी इतिहासजमा झाली. आकाशाचे भांडण मिटले, आणि त्याबरोबर क्लबांची जुनी निकडही संपली. आज क्लबाचा उपयोग उरला आहे तो जमिनीसाठी आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या जाणत्या माणसासाठी. नामपुरात पाटी लावलेला क्लब शोधीत हिंडण्यापेक्षा या दोन गोष्टींची तजवीज करणे शहाणपणाचे, असे मी त्या मुलाला सांगितले.

प्रथम आकाशाचा कायदा पाहिला. ड्रोन नियम, २०२१ यांच्या परिभाषेत २५ किलोपर्यंत वजनाचे, शिक्षण, संशोधन, चाचणी वा करमणूक एवढ्याच हेतूने आणि नजरेच्या टप्प्यात उडविलेले यान 'मॉडेल' या सदरात मोडते, आणि त्याला कारखान्याच्या यानांना लागणारे प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतचे यान बिनव्यापारी उडविणाऱ्यास वैमानिकाच्या सनदेचीही माफी आहे. नोंदणी करून ओळखक्रमांक घेणे हा मात्र सर्वसाधारण नियम आहे आणि नियमभंगास १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंतचे आकाश पिवळे, म्हणजे परवानगीचे. ८ ते १२ किलोमीटरांत २०० फुटांपर्यंत हिरवे. त्यापलीकडे, लाल रंगाचा निर्बंध नसेल तेथे, ४०० फुटांपर्यंत मोकळीक. हे रंग सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर दिसतात, आणि ते बदलत असल्यामुळे उड्डाणाच्या दिवशी पुन्हा पाहावे लागतात.

येथे खेड्याचे भाग्य उघडते. नाशिक शहराच्या अवतीभवती ओझरचा विमान कारखाना व विमानतळ, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे शिक्षण, देवळालीला तोफखान्याचे विद्यालय; ज्या जिल्ह्यात मिग आणि सुखोई घडली त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी छंदिष्टाला हात-दीड हाताचे विमान उडविण्यास जागा दुर्मिळ, हा योगायोग गमतीचा खरा. नामपूर ओझरपासून सरळ रेषेतही साठ किलोमीटरांहून दूर आहे.

जाणत्या माणसांचा शोध मात्र गावाबाहेर घ्यावा लागतो. राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १९५० साली मुंबई आणि कलकत्ता येथील एकेका पथकाने सुरू झाली, आणि विमानांच्या प्रतिकृती बनविणे व उडविणे हा तिच्या शिक्षणक्रमाचा भाग आहे. महाराष्ट्रात त्या शाखेत शिकून निघालेले शिक्षक आणि माजी छात्र गावोगावी विखुरलेले आहेत, पण त्यांना कोणी विचारीत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून स्पर्धेसाठी विमाने बांधणारे विद्यार्थ्यांचे संघ असतात. त्यांना मैदानाची वानवा आणि आपल्याला अनुभवाची, तेव्हा देवघेव सहज जमते. मालेगावमार्गे दोन तासांच्या आत धुळे येते. तेथील गोंदूरच्या धावपट्टीवर १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे वैमानिक-शिक्षण चालत आले आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपात घराच्या गच्चीवर जे विमान बांधले, त्याला २०१६ साली लोकांनी मुंबईच्या प्रदर्शनात पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली, आणि चाचणीचे उड्डाण घडले ते २०२० साली, याच धुळ्यात. विमान गच्चीवर बांधता येते. उडवायला जमीनच लागते.

आता ती जमीन. दीड मीटर पंखांच्या विमानाला पंचाहत्तर मीटर लांब आणि आठ मीटर रुंद पट्टी पुष्कळ होते. म्हणजे हिशेबाने सहा गुंठे. आमच्या मनात पहिल्याने गायरान होते, पण गायरानाचा वापर ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतो आणि तेथे गुरे असतात. शेवटी नदीपासून अंमळ वर, रब्बी कांदा निघालेले एक वावर पसंत पडले. खातेदार गृहस्थ बांधावर बसून आमचे बोलणे शांतपणे ऐकत होते. "उडवा की," ते म्हणाले, "कांदा निघालाय, आता पाऊस पडेस्तोवर वावर मोकळंच आहे. फक्त ठिबकच्या नळ्यांवर पाय पडता कामा नये, आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा." ही दुसरी सूचना त्यांनी उगाच केली नव्हती. २०२४च्या पावसाळ्याच्या तोंडी बीड, जालना भागांत रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनांच्या वार्तांनी गावेच्या गावे रात्र जागून काढीत होती. अशा काळात अनोळखी पोरांनी माळावर काहीतरी भिरभिरते सोडणे म्हणजे दगड ओढवून घेणे होय. सरपंच, पोलीस पाटील आणि लगतचे दोन शेतकरी एवढ्यांच्या कानावर गोष्ट घातली की निम्मा क्लब स्थापन झाला, असे माझे मत आहे.

पट्टी पूर्व-पश्चिम आखली. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आमच्याकडचा वारा बहुधा पश्चिमेचा, थंडीत पूर्वेकडचा. विमानाने उठावे आणि उतरावे ते वाऱ्याला सामोरे होऊन. उडविणाऱ्याने दक्षिण कडेला उभे राहून उत्तरेकडे तोंड करावे, कारण मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतचे आठवडे वगळता सूर्य माध्यान्ही येथे दक्षिणेकडूनच जातो आणि तो पाठीशी असलेला बरा. वेळ सकाळी सातची. हे गाव समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांच्या आसपास. जानेवारीच्या पहाटे दहा अंशांना येथील हवा जेवढी दाट असते, तिच्या मानाने मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या दुपारी ती सुमारे दशमांशाने विरळ होते. एक किलो वजनाचे, १.४ मीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद पंखांचे विमान ताशी पंचवीस-सव्वीस किलोमीटरांच्या खाली गेले की पंखांवरची हवा सुटते आणि ते कोसळते. विरळ हवेत ही मर्यादा आणखी पाच टक्क्यांनी वर सरकते. त्यात दुपारच्या वावटळींची भर. सकाळी मात्र धावत हाताने फेकून तेवढा वेग देता येतो.

त्याने फेकले. विमान सरळ गेले, चढले, नदीच्या बाजूस वळले आणि फार देखणे दिसले. मग ते परत आमच्याकडे तोंड करून येऊ लागले, आणि येथेच शिकाऊ माणसाची त्रेधा उडते. विमान दूर जात असता त्याची उजवी ती आपली उजवी. ते सामोरे आले की उजव्याची डावी होते, पण बोटे जुन्याच सवयीने चालतात. डावीकडचा पंख खाली कलला, मुलाने स्टिक उजवीकडे दाबली, पंख आणखी कलला. यावर जुन्या मंडळींचा तोडगा बिनचूक आहे: सामोऱ्या येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली पडत असेल, त्याला टेकू द्यावा तशी त्याच बाजूला स्टिक न्यावी. मी तो ओरडून सांगितला, परंतु माझे वाक्य पुरे होण्यापूर्वी विमान ढेकळांत नाक खुपसून उभे होते. मोटारीचा माउंट तुटला, प्रोपेलरचे एक पाते गेले. मुलगा धावत जाऊन मोटारीला हात घालणार, तोच त्याला थांबवून थ्रॉटल खाली आहे ना हे पाहायला लावले. दहा इंची प्रोपेलर मिनिटाला नऊ हजार फेरे घेतो तेव्हा त्याच्या पात्याचे टोक ताशी चारशे किलोमीटरांहून अधिक वेगाने फिरते, आणि तेथे बोट राहत नाही.

शेजारी माणूस हवा तो यासाठी. दोन ट्रान्समीटर जोडून शिकविण्याची 'बडी बॉक्स' नावाची सोय असते. गुरूने बटण सोडले की ताबा त्याच्याकडे जातो आणि विमान वाचते. शिवाय उडविणाऱ्याची नजर विमानाला खिळलेली असताना बाकी आकाश कोणी पाहायचे? चारशे मीटरांवर पंखाची वीस सेंटिमीटर रुंदी डोळ्याला जेमतेम जाणवते आणि विमान येते आहे की जाते आहे हेही कळेनासे होते. घारी अंगावर येतात त्या निराळ्याच. मी स्वतः या कामी फार उपयोगी नाही हे त्या सकाळी सिद्ध झालेच.

फोम चिकटविला आहे, नवा माउंट बसविला आहे, आणि ते वावर पुन्हा कांदा निघाल्यावर, एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत, आम्हाला मिळणार आहे. सटाणा, ताहाराबाद, मालेगाव या टापूत ज्यांनी छात्रसेनेत वा महाविद्यालयात कधी विमान उडविले असेल आणि ज्यांचा ट्रान्समीटर आज माळ्यावर धूळ खात असेल, त्यांनी तो खाली काढावा आणि एखाद्या रविवारी सकाळी सातला नामपूरला यावे. बॅटरी मात्र नवी घ्यावी. जुनी फुगलेली असेल, ती चार्जिंगला लावू नये.