कृषि महाविद्यालयाचें ग्रंथालय आणि तेथील शिक्षक

कृषि महाविद्यालयाच्या ग्रंथालयाशीं शेतकऱ्याचा काय संबंध, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं कोणी विचारल्यास त्यांत नवल नाहीं. त्या इमारतीची पायरी आपणांपैकीं फारच थोड्यांनीं चढली असेल. परंतु शिवारांत नवी कीड पडली म्हणजे आपण ज्या प्राध्यापकाच्या तोंडाकडे पाहतों, तो जें सांगतो त्यांतील बराच भाग दुसऱ्या कोणीं तरी आधीं पाहून लिहून ठेविलेला असतो. तें लिखाण त्याच्या हातीं वेळेवर पडलें तर आपलें पीक वांचतें. तें हातीं देणें हें ग्रंथपालाचें काम आहे.

मक्यावरील लष्करी अळीचेंच उदाहरण घ्यावें. ही अळी मूळची अमेरिका खंडांतील. २०१६ सालीं ती पश्चिम आफ्रिकेंत आढळली, २०१८ च्या मे महिन्यांत कर्नाटकांत, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत. आपणांस ती नवी होती, पण तिच्या खोडी अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं फार पूर्वींच टिपून ठेविल्या होत्या. ती पोंग्यांत शिरून खाते, मोठी झाली म्हणजे आपल्याच विष्ठेच्या आड दडते, म्हणून अळी लहान असतांनाच औषध पोंग्यांत पोहोंचलें पाहिजे. ज्या ग्रंथपालानें आफ्रिकेंतील बातमी कळतांच हें लिखाण कीटकशास्त्राच्या शिक्षकापुढें ठेविलें असेल, त्यानें तयारीला दीड-दोन वर्षें मिळवून दिलीं. जो शिक्षक मागावयास येईपर्यंत थांबला, त्याच्याकडे कागद आला तेव्हां पोंगे चाळणीसारखे झाले होते.

आमची नोकरी महसूल खात्यांत झाली. तालुका कचेरीच्या दप्तरखान्यांत रुमाल शेंकड्यांनीं असत. पण मागितलेला फेरफार कोणत्या रुमालांत आहे हें सांगणारा रेकॉर्डकीपर हजर नसला, तर त्या रुमालांचा उपयोग वाळवीसच व्हावयाचा. ग्रंथालयाची गोष्ट निराळी नाहीं. कपाटें किती व ग्रंथ किती हा हिशेब तपासनीसास आवडतो. शिक्षकास त्याचें काय होय?

शि. रा. रंगनाथन् हे १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वीं गणिताचे अध्यापक होते. १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे जे पांच नियम मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वाचविण्यास एक सबंध नियम दिला. शेतकी शिक्षकाचा दिवस वर्गांत, प्रयोगशाळेंत व प्रयोगाच्या वाफ्यांवर जातो. शोधाशोधीस उरतो तो थकवा. यास्तव ग्रंथपालानें प्रत्येक शिक्षकाच्या नांवाचें एक पान ठेवावें. एकाचा विषय ज्वारीची खोडमाशी, दुसऱ्याचा ठिबकाच्या नळ्यांतील क्षार, तिसऱ्याचा चोपण जमिनी. आणि नवें कांहीं आलें कीं ज्याचें त्यास आपण होऊन कळवावें. हें काम यंत्राकडून करवून घेण्याची कल्पना हान्स पीटर लून यांनीं १९५८ सालींच मांडली होती, व आज संगणक तें सहज करतो.

मात्र यंत्रास जो शब्द द्यावा तोच तें शोधतें, आणि येथेंच बहुतेक घोटाळा होतो. शेतकरी म्हणतो हुमणी. परदेशी नियतकालिकांत हा शब्द नाहीं. तेथें होलोट्रिकिया सेराटा असें लॅटिन नांव आहे. शिवाय सांगली-कोल्हापूरकडील नदीकांठच्या उसाच्या मुळ्या कुरतडणारी हुमणी बहुधा ल्युकोफोलिस लेपिडोफोरा या निराळ्या जातीची असते. पहिलीचे भुंगेरे वळवाचा पाऊस झाल्यावर सायंकाळीं कडुनिंब-बाभळीवर पाला खावयास जमतात, म्हणून फांद्या हलवून ते वेचतां येतात. दुसरीचे भुंगेरे पाला खात नाहींत. एकीवरील निबंध वाचून दुसरीवर उपाय सांगितला, तर कडुनिंब हलविणाऱ्याचे श्रम फुकट गेले. शेतकऱ्याचा शब्द, शास्त्रीय नांव व प्रदेश यांची जोडयादी ग्रंथपालानें शिक्षकांच्या साह्यानें करून ठेवावी असें आम्हांस वाटतें. लाल्या, तांबेरा, करपा या शब्दांचीही तीच कथा आहे. करपा तर प्रत्येक पिकाचा वेगळा.

सर्वांस नवेंच लागतें असेंही नाहीं. रब्बी ज्वारीवर काम करणाऱ्यास मोहोळ येथें मालदांडी निवडली गेली त्या काळचे अहवाल हवेत. कोरडवाहू जमिनीवर काम करणाऱ्यास सोलापुरास १९३३ सालापासून झालेले प्रयोग. असे अहवाल ठिसूळ होण्यापूर्वीं त्यांच्या प्रती संगणकांत घेतल्या पाहिजेत. विद्यार्थ्यांचे प्रबंध कृषिकोश नांवाच्या भांडारांत ठेवण्याची सोय झाली आहे. तेथें न पाहतां तोच प्रयोग दुसऱ्या महाविद्यालयांत पुन्हां मांडणें म्हणजे पैशांची नासाडी होय.

परदेशी नियतकालिकांची वर्गणी एकट्या महाविद्यालयास झेपत नाहीं. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें २००७ सालीं संस्थांचा संघ करून तीं संगणकावर पुरविण्याची व्यवस्था केली. पुढें केंद्र सरकारनें १ जानेवारी २०२५ पासून एक राष्ट्र एक वर्गणी ही योजना सुरू केली. तींत १३,००० हून अधिक नियतकालिकें असून तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये ठरविले. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता ठेविला, आणि महाराष्ट्रांत कृषि महाविद्यालयें पुष्कळशीं खासगी आहेत. तेथील शिक्षकाच्या विद्यार्थ्यासही उद्यां आपल्याच बांधावर यावयाचें आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील विद्यापीठांच्या ग्रंथालयांनीं या शिक्षकांस आपल्या वाचनालयांत बसून वाचण्याची मोकळीक द्यावी.

कृषि विज्ञान केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधि असतात. जे वाचक अशा समितीवर असतील त्यांनीं पुढील बैठकींत विचारावें कीं, या हंगामांत शेतकऱ्यांनीं केंद्रांत विचारलेल्या प्रश्नांची नोंद विद्यापीठाच्या ग्रंथपालाकडे जाते काय, आणि जात असल्यास त्यानें त्या प्रश्नांवरील कोणते कागद कोणत्या शिक्षकास कोणत्या तारखेस दिले.